तितंच बोट ठेव

पालकसभेत वाचायचं पत्रक यंदाही आलं. माझी शाळा बदलली, तालुका बदलला, पत्रक मात्र तेच. पालकांनी रोज निदान अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवावा आणि मुलांसोबत वाचत बसावं, असं त्यात लिहिलेलं असतं. कोऱ्हाळ्याच्या शाळेत मी ते मोठ्यांदा वाचते. समोर बसलेल्या आया माना डोलावतात, दोघी-तिघींच्या पदराखाली फोन थरथरत असतो, आणि वाचून झालं की मी माझा फोन काढून त्या डोलणाऱ्या मानांचा फोटो घेते. तो ग्रुपवर टाकावा लागतो. टाकला नाही तर सभा झालीच नाही असं धरतात.

‘अर्धा तास’ या शब्दांपाशी माझी जीभ दर वेळी अडखळते. इंदापूरकडे, शेळगावच्या शाळेत असताना एका बाईनं उभं राहून मला विचारलं होतं, “मॅडम, कोणता अर्धा तास?”

ती शोभावहिनी. माझी शेजारीण. शेळगावात एका वस्तीवर आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. नवरा बारामतीला कंपनीत, शिफ्टची नोकरी. त्यामुळे घरात मी, माझी मुलगी इरा आणि नवऱ्याचे वाळत घातलेले कपडे. आमच्या दारासमोर एक बांध, आणि बांधापलीकडे वहिनीचं रान. मिरची, टोमॅटो, मध्येच कधी गवार. तिची मुलगी तनू आणि माझी इरा एकाच वर्गात. वहिनीची आणि माझी जी काही ओळख झाली ती त्या बांधावर उभ्या उभ्या झाली. बसायला वेळ दोघींनाही नसायचा.

उंच बाई, पण पाठीत जरा वाकलेली. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, आणि त्या शर्टाच्या खिशात फोन. शर्टाचा खिसा फोनच्या वजनानं कायम खाली ओघळलेला. नवरा, म्हणजे संतोषभाऊ, रोज पहाटे पिकअप घेऊन माल बारामतीच्या मार्केटला न्यायचे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता आणि त्यांना तेवढाच पुरायचा. व्यापाऱ्याचे मेसेज, बाजारभावाचे ग्रुप, तोडणीच्या बायका, औषधवाला, शाळा, या सगळ्यांचा फोन एकच आणि तो वहिनीच्या खिशात. “तान्हं पोर परवडलं मॅडम,” ती म्हणायची, “ते निदान झोपतं तरी.”

तिची एक सवय मी पहिल्याच आठवड्यात टिपली. मिरची हाताळताना ती डाव्या हाताची करंगळी बाहेर काढून ठेवायची. मला आधी वाटलं, लागलंय बिगलंय. पण ती करंगळी फोनसाठी राखलेली होती. बाकीच्या नऊ बोटांना दिवसभर मिरचीचा तिखटपणा लागलेला, त्या बोटांनी फोन धरला, तो कानाला लावला, मग डोळ्याला हात गेला की झालं. म्हणून फोन खिशातून दोन मनगटांत धरून काढायचा, करंगळीनं उचलायचा, करंगळीनंच स्पीकर लावायचा. हे सगळं ती इतकं सहज करायची की मी घरी जाऊन करून पाहिलं आणि फोन पाडला.

वहिनीचं माहेर वालचंदनगर. वडील कंपनीत फिटर, राहायला क्वार्टर. भोंगा झाला की अप्पा घरी येणार, हातपाय धुणार, आणि चहा होईपर्यंत पुस्तक घेऊन दारातल्या खुर्चीत बसणार. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा घरचा नियम. वहिनी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी बसून वाचायला शिकली. लग्न होऊन शेळगावला आली आणि भाषा बदलली, ‘नाही’चं ‘न्हाय’ झालं, ‘इथं’चं ‘हितं’ झालं. पण मोठ्यानं वाचायला लागली की क्वार्टरमधली भाषा तिच्या तोंडात परत यायची. मी असं फार थोडे वेळा ऐकलं. तिला वाचताना बघायला मिळणंच मुश्किल होतं.

तर त्या सभेत मी पत्रक वाचून संपवलं. वहिनी मागं खिडकीपाशी बसली होती. अंगात शर्ट नव्हता, म्हणजे तिच्या हिशेबानं ती नटून आली होती. ती उभी राहिली.

“राग मानू नका मॅडम. पर कोणता अर्धा तास, तेवढं सांगा. सकाळी धार, डबं, पोरगी शाळंत. तोडायच्या बाया यायच्या आदी मी रानात पायजे. दुपारी खुरपणी न्हायतर फवारणी. सांच्याला माल निवडायचा, भरायचा. मग भाकरी. जेवल्यावर बसते मी पुस्तक घिऊन, न्हाय असं न्हाय. पर डोळं वाचत्यात आन डोस्कं निजतंय.”

“मग फोन कधी बघतीस गं?” मागून कुणीतरी चिडवलं.

“मी कुठं बघतीया? त्योच मला बघतो दिवसभर.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या घरी तरी तो अर्धा तास कुठं होता? इरा एका फोनवर कार्टून बघत जेवायची आणि मी तिच्या शेजारी बसून दुसऱ्या फोनवर शाळेच्या पोषण आहाराची माहिती भरायचे. दोघींच्या तोंडावर निळा उजेड. मी वहिनीला म्हटलं, “मला नाही सापडलेला अजून. तुम्हाला सापडला तर मलाही सांगा.”

हे मी बोलायचं म्हणून बोलले होते. तिनं ते घरचा अभ्यास दिल्यासारखं घेतलं. काही दिवसांनी बांधापलीकडून हाक आली. “मॅडम, घावला! सांच्याला या हिकडं.”

संध्याकाळी गेले. त्यांच्या घरामागं पत्र्याचं शेड होतं, तिथं ताडपत्रीवर मिरचीचा ढीग. ढिगाभोवती वहिनी, तिची सासू आत्याबाई आणि तोडणीच्या दोन बायका. लाल पडलेली, किडकी, मोडकी मिरची बाजूला काढायची आणि चांगली गोणीत भरायची. रोजचं काम. एरवी या वेळी शेडमध्ये फोनवर गाणी नाहीतर मालिका लावलेली असायची. त्या दिवशी फोन गप्प होता आणि पालथ्या क्रेटवर तनू पुस्तक घेऊन बसली होती.

“हात गुतल्यात पर कान तर रिकामं हायत की आपलं,” वहिनी मला म्हणाली. तिच्या तोंडावर अप्पांचा भोंगा झाल्यासारखा आनंद होता. “वाच गं.”

पुस्तक शाळेच्या कपाटातलं. समुद्रातल्या दीपगृहात राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट. तिचा बाप होडी घेऊन गेलेला असतो आणि ती रोज दिवा लावून त्याची वाट बघते. तनू अडखळत वाचत होती, जोडाक्षर आलं की ब्रेक लावत होती. पण शेडमध्ये एवढी शांतता होती की मिरच्या पडल्याचा आवाज येत होता. आत्याबाई तेवढ्या मध्ये बोलायच्या.

“चहूबाजूनी समिंदर म्हणतीस, मग पेयाचं पाणी कुठनं?”

“बोटीतनं येतं आज्जी.”

“आन बोट न्हाय आली तर? हिर न्हाय, बोर न्हाय, असल्या जागंला कोण देतं गं पोरगी?”

मुलगी तिथं जन्मलेली आहे, दिलेली नाही, हे त्यांना समजावण्यात एक पान गेलं.

आणि मग फोन वाजला. वाजणारच होता. बारामतीचे आडतवाले शेठ नेमके याच वेळी फोन करायचे, कारण उद्या कुणाचा किती माल येणार हे ते संध्याकाळीच ठरवायचे. फोन उचलला नाही की दुसऱ्याचा माल लागायचा. वहिनीनं मनगटांनी फोन काढला, करंगळी पुढं केली आणि शेडबाहेर जाता जाता तनूला म्हणाली, “तितंच बोट ठेव.”

तनूनं बोट ठेवलं. वाचत होती त्या शब्दाखाली. वहिनी बाहेर शेठशी बोलत होती, मालाची तारीफ करत होती, हसत होती. तनूचं बोट हललं नाही. मांजर मांडीवर चढलं तरी हललं नाही. वहिनी परत आली, ढिगापाशी बसली आणि म्हणाली, “हं. कुठं हुतो आपण?” तनूनं बोट होतं तिथून वाचायला सुरुवात केली.

पुढं हे रोजचंच झालं. एका बैठकीत दोन-तीनदा तरी फोन यायचा आणि दर वेळी “तितंच बोट ठेव.” कधी फोन लांबायचा, बायका कंटाळून म्हणायच्या, वाच की तू फुडं. तनू मान हलवायची. आई आल्याशिवाय एक शब्द पुढं नाही. मी शिक्षिका आहे, मुलांचं लक्ष कशातही टिकत नाही असं म्हणण्यात माझी निम्मी नोकरी गेलेली आहे. ते बोट पाहून मी ते म्हणणं थोडं कमी केलं.

आता मिरचीचा किस्सा सांगायलाच हवा. तनूच्या वाचण्याला वेग नव्हता आणि गोष्ट तर रंगलेली. एकदा वहिनीला राहवलं नाही. तनू पाणी प्यायला गेल्याचं बघून तिनं पुस्तक ओढलं आणि पुढची पाच-सहा पानं भराभर चाळली. करंगळीनं नाही, सगळ्या बोटांनी. नंतर कधीतरी आमच्या मोठ्या गुरुजींनी कपाटातली पुस्तकं तपासायला काढली, तेव्हा हेही पुस्तक एका दिवसापुरतं मागवून घेतलं. गुरुजींना बोट जिभेला लावून पान उलटायची सवय. तिसऱ्या-चौथ्या पानाला ते थांबले. पाचव्याला उठले आणि नळाकडे पळाले. अख्खी शाळा बघत होती. “काय लावलंय हो या पुस्तकाला?” डोळ्यांत पाणी घेऊन त्यांनी विचारलं. मला हसू दाबता येईना. वहिनीला सांगितलं तर ती इतकी शरमली की गुरुजींच्या घरी टोमॅटो घेऊन गेली. गुरुजी भला माणूस. त्यांनी पुस्तक तिच्या हवाली केलं आणि सांगितलं, “संपेपर्यंत तुमच्याकडंच राहू द्या. आमच्यात हिंमत नाही.”

संतोषभाऊ या सगळ्यात कुठं नसायचे. पहाटे जायचं म्हणून ते उजेड असतानाच जेवून शेडलगतच्या खोलीत आडवे व्हायचे. पण एका सकाळी वहिनी चहा देत होती तेव्हा त्यांनी कप हातात घेऊन विचारलं म्हणे, “त्या पोरीचा बाप आला का गं?” म्हणजे पत्र्याच्या भिंतीपलीकडून तेही ऐकत होते. वहिनीनं मला हे बांधावर येऊन सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या दोघांत भाव, फवारणी आणि पाणी सोडून तिसरा विषय पहिल्यांदाच निघाला होता.

मग तो शेवटच्या भागाचा दिवस आला. मुलीला लांबवर होडीचा दिवा दिसतो आणि ती होडी बापाचीच आहे का हे कळत नाही, इथपर्यंत गोष्ट आलेली. तनूनं शाळेतून येताच आईला सांगितलं, “आज फोन नको.” वहिनीनं विचार केला. एकच संध्याकाळ. शेठला सांगता येईल, रेंज नव्हती. तिनं फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. शर्टाचा खिसा रिकामा. मला म्हणाली, “एका अंगाला हलकं हलकं वाटाय लागलंय.”

पण संध्याकाळ ती शेवटी संध्याकाळच. माल जास्त निघाला होता, लाईट दोनदा गेली, गोण्या शिवायच्या राहिल्या. थोडीच पानं उरली आणि संतोषभाऊंनी आतून हाक मारली, “आवरा आता.” तनूचा चेहरा पडला. वहिनी म्हणाली, “ऱ्हायलेलं उद्या. तितंच बोट ठेव.” बोट रात्रभर ठेवता येत नाही म्हणून तनूनं तिथं मिरचीचा एक देठ ठेवला आणि पुस्तक मिटलं.

त्याच संध्याकाळी बारामतीहून मेसेज आला होता. हमालांनी काम बंद ठेवलंय, उद्या माल आणू नका. मेसेज पिठाच्या डब्यात पडून राहिला. संतोषभाऊ पहाटे भरलेली गाडी घेऊन गेले, बंद गेटासमोर उन्हं चढेपर्यंत थांबले आणि भरलेली गाडी घेऊन परत आले. दिवस कडक उन्हाचे. गोणीत मिरची तापते, नरम पडते. सगळ्या गोण्या परत उसवून ढीग ताडपत्रीवर पसरला, त्यातली निम्मी मिरची उकिरड्यावर गेली. अख्ख्या वस्तीला ते दिसलं. का झालं तेही कळलं.

आत्याबाई, ज्यांना त्या दीपगृहातल्या मुलीच्या पाण्याची सगळ्यात जास्त काळजी होती, त्या म्हणाल्या, “वाचून कुणाचं प्वाट भरलंय?” वहिनीनं ऐकून घेतलं. संतोषभाऊंनी गाडी धुतली, जेवले आणि आडवे होताना एवढंच म्हणाले, “फोन चालू ठिवत जा गं.” आवाज चढवला नाही. “चढवला आसता तर बरं झालं आसतं,” वहिनी मला म्हणाली. “मला बी मग भांडता आलं आसतं.”

त्यानंतर शेडमध्ये वाचन बंद. कुणी बंद केलं असं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी पुस्तक काढलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि फोनवर पुन्हा गाणी लागली. टोमॅटोचा तोडा सुरू झाला तेव्हा तर श्वास घ्यायलाही फुरसत राहिली नाही. वहिनी दिसायची ती वाकलेली, नाहीतर फोनवर. एका संध्याकाळी मी बांधावरून पाहिलं, ती शेडच्या खांबाला टेकून एकटी बसली होती. भाकरी व्हायच्या होत्या. हातात फोन, आणि करंगळीनं एकामागून एक चित्रं वर सरकवत होती. तोंडावर हसू नाही, काही नाही. मला बघून तिनं फोन लपवला नाही.

“रील बघतीया,” ती म्हणाली. “काय बघितलं इचाराल तर सांगता येणार न्हाय. पुस्तकाला डोस्कं लागतं मॅडम. ह्याला निस्ती करंगळी लागती.”

मीही तेच करून आले होते, फक्त माझ्याकडे अंगठा होता. मी बांध ओलांडून तिच्याजवळ टेकले. त्या क्षणी मला तिचा राग आला नाही, कीव आली नाही. नुसतं थकल्यासारखं झालं, तिच्याही वाटणीचं.

“तनू बी मागती मग,” ती पुढं म्हणाली. “दिती तिला. न्हाय म्हणाय तोंड कुठाय माझ्याकडं?”

दुसऱ्या दिवशी शाळेत मी तनूला बाजूला घेतलं. तिचं वाचन आता छान सुटं झालं होतं. म्हटलं, “तनू, थोडीच तर पानं राहिलीत. तू वाचून टाक ना ते पुस्तक.”

“न्हाय मॅडम.”

“का गं?”

“आईनं बोट ठेवाय सांगितलंय.”

“अगं, पण किती दिवस?”

तिनं खांदे उडवले. “आईला येळ झाला की.”

हे मी वहिनीला सांगितलं. सांगायला नको होतं की काय असं क्षणभर वाटलं, कारण ती चालता चालता थांबली आणि डोक्यावरचं क्रेट खाली उतरवून त्याच्यावरच बसली. तोडणीच्या दिवसांत ती अशी मधेच बसलेली मी कधी पाहिली नव्हती. “मला वाटलं इसरली ती,” ती म्हणाली. मग उठून क्रेट परत डोक्यावर घेतलं. “वाचते. उद्या वाचते.” पण उद्या तोडा होता. परवा फवारणी.

मग माझ्या बदलीची ऑर्डर आली. कोऱ्हाळे बुद्रुक, जिल्हा तोच, बाकी सगळं नवं. जायच्या आधी शाळेच्या कपाटाचा चार्ज द्यायचा होता. सगळी पुस्तकं जागेवर होती, एक सोडून. मी संध्याकाळी शेडमध्ये गेले ते मागायला नव्हे. म्हटलं, “वहिनी, ते राहू द्या तुमच्याकडं. गुरुजींना मी सांगते काहीतरी, त्यांना तसंही ते नकोच आहे.”

वहिनी मिरची निवडत होती. हात थांबले. “न्हाय मॅडम. शाळंचं पुस्तक हाय, शाळंत गेलं पायजे,” ती म्हणाली. मग उठली. “आज संपवतेच.”

तिनं शर्ट काढून खांबाला अडकवला. मोरीवर गेली, हातांना आधी तेल चोळलं, मग पीठ, मग साबण. दोनदा. पदराला हात पुसत आली आणि तनूच्या क्रेटवर बसली. ते हात मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रिकामे पाहत होते. काय करावं हे त्या हातांना कळत नव्हतं. ते मांडीवर उताणे पडून राहिले.

तनू घरातून पुस्तक घेऊन आली. आईच्या हातात दिलं, आणि मग तिनं एक गोष्ट केली जी कुणी सांगितली नव्हती. खांबाचा शर्ट काढून अंगात घातला. तो तिच्या गुडघ्याखाली आला. खिसा, फोनसकट, पोटावर. बाह्या दुमडून ती आईच्या जागेवर ढिगापाशी बसली आणि डावी करंगळी बाहेर काढून मिरची निवडू लागली. मीही तिच्या शेजारी बसले.

देठ वाळून काळा पडला होता, पण पानात जागेवर होता. वहिनीनं तो उचलला आणि त्या जागी बोट ठेवलं. तिच्या तोंडातून वालचंदनगरची ती स्वच्छ भाषा आली, ‘नाही’ आणि ‘इथं’ आणि ‘आहे’. मुलगी दीपगृहाच्या जिन्यावर उभी आहे. होडीचा दिवा जवळ येतो आहे.

“मोठ्यानं वाच की,” आत्याबाई म्हणाल्या. “ऐकू यीना हिकडं.” मग जरा वेळानं, कुणाकडं न बघता, “त्याला बी ऐकू जाया पायजे आत.”

दीडएक पान झालं असेल, फोन वाजला. वहिनीची करंगळी आपोआप वर आली. फोन तिच्याकडे नव्हता, तरी आली. पण तनू तोवर उठली होती. तिनं दोन मनगटांत फोन धरला, करंगळीनं उचलला आणि बाहेर जाता जाता वळून म्हणाली, “आई, तितंच बोट ठेव.”

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. बोट ठेवलं.

बाहेरून तनूचा आवाज येत होता, तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा जरा जाड काढलेला. “शेठ, तनू बोलतीया. आई हाय, पर ती आत्ता वाचतीया. न्हाय, बरी हाय की. वाचतीया म्हणलं. माल चांगला हाय, पप्पा येत्यात सकाळी. उद्या बंद-बिंद न्हाय ना? नक्की सांगा हां.”

शेठ तिला बरंच काही विचारत असावेत. वहिनी क्रेटवर बसून होती. हातात काम नाही, कानाला फोन नाही. अशा वेळी दमलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं. मान हळूहळू खाली आली. पापण्या मिटल्या. डोकंही निजलं आणि डोळेही. बल्बच्या उजेडात तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या आणि ती मला फार लहान दिसायला लागली, खुर्चीच्या पायाशी बसलेली असावी तशी.

तनू आत आली. आईसमोर उभी राहिली. मला वाटलं, उठवेल. तिनं फोन खिशात सोडला, माझ्याशेजारी येऊन बसली आणि मिरची पुढं ओढली.

“उठीव की तिला,” आत्याबाई म्हणाल्या. “आला का न्हाय बाप, कळू दे तरी.”

“असू दे आज्जी,” तनू म्हणाली. “आईचं बोट हाय तितं.”

आम्ही तिघी मिरची निवडत राहिलो. इरा घरी एकटी होती, मला निघायला हवं होतं, सामान बांधायचं होतं. पुस्तक मी मागितलं नाही. चपला घालताना एकदा वळून पाहिलं. वहिनीची मान छातीवर आली होती, पुस्तक मांडीवर थोडं कललं होतं. बोट मात्र त्याच ओळीवर होतं.